खेळाआधी त्याला थोडी वर्षं लिंबूटिंबू राहू द्या

तुमचा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. तीन महिन्यांपूर्वी त्याला क्रिकेटच्या क्लासला घातलंत. तिथले सर म्हणाले, याचं कोऑर्डिनेशन कमी पडतंय, चेंडू हातात बसत नाही, पळताना धडपडतो, आठवड्यातून तीन दिवस वेगळं कोचिंग लावा. बरोबरीची मुलं पुढे चाललीत आणि आपला मागे राहतोय, ही तुमची काळजी. कोचिंग लावावं का, की आधी दुसरा कुठला खेळ लावावा, आणि पुण्यातल्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आपण घरी काय करू शकतो, असे तुमचे तीन प्रश्न.

पहिल्याचं उत्तर आधी देते, म्हणजे जिवाला थोडा आराम पडेल. वेगळं कोचिंग आत्ता लावू नका. मी शाळेपासून खो-खो खेळले आणि गेली २६ वर्षं सांगलीत पहिली ते चौथीच्या मुलांना शारीरिक शिक्षण शिकवते. दर जूनला पहिलीत येणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांना टेनिसचा चेंडू झेलता येत नाही, आणि त्याची मला कधी चिंता वाटली नाही. चिंता वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. अलीकडे मुलांना उकिडवं बसायला सांगितलं की काही जण मागे कलंडतात. हात न टेकता जमिनीवरून उठता येत नाही. जे शरीर अजून जमिनीशी ओळख करून घेतंय, त्याच्याकडून आपण चेंडूशी दोस्ती मागतो आहोत.

झेल ही लहान मुलासाठी फार अवघड गोष्ट आहे. चेंडू फेकताना कधी फेकायचा ते त्याच्या मनावर असतं. झेलताना मात्र चेंडू कुठून, किती वेगानं येणार हे समोरचा ठरवतो आणि मुलाला ते ओळखून हात वेळेवर तिथे न्यायचे असतात. आज संध्याकाळी त्याच्यासमोर चार पावलांवर उभे राहा, हलक्या हातानं चेंडू टाका आणि काही न बोलता बघा. चार वर्षांचं मूल प्रसाद घ्यायला करावेत तसे दोन्ही हात ताठ पुढे करतं. चेंडू जवळ आला की मान वळते, डोळे मिटतात. चेंडू छातीवर आपटून खाली जातो आणि मग हात मिटतात. त्याच्या पुढच्या टप्प्यात ते चेंडू छातीशी कवटाळतं. ५-६ वर्षांच्या आसपास कोपर थोडे वाकलेले दिसतात, बोटं चेंडूकडे उघडतात आणि नुसत्या हातांनी पकड होते. लहान चेंडू एका हातानं भरवशानं झेलायला आणखी दोन-तीन वर्षं जातात. तुमचा मुलगा यातल्या कुठल्या पायरीवर आहे ते ओळखा आणि फक्त पुढच्या एका पायरीचा विचार करा.

सुरुवात फुग्यापासून करा. फुगा सावकाश खाली येतो, डोळ्यांना त्याच्यामागे जायला आणि हातांना विचार करायला वेळ मिळतो. आधी फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही एवढाच खेळ. मग दोन्ही हातांनी पकडायचा, मग टाळी वाजवून पकडायचा. आठवडाभरानं चिंध्यांचा चेंडू घ्या. जुने मोजे एकात एक गुंडाळून होतो तसा. तो हातातून उसळून जात नाही आणि लागला तरी दुखत नाही. त्यानंतर मोठा रबरी चेंडू, पण थेट अंगावर टाकायचा नाही, मध्ये एक टप्पा पाडायचा. टप्प्यामुळे चेंडू खालून वर येतो, वेग कमी होतो आणि मुलाला तो दिसतो. टेनिसचा चेंडू या सगळ्यानंतर. अंतर दोन पावलांपासून वाढवत न्या आणि लागोपाठ तीन झेल सुटले की एक पाऊल जवळ या. या वयात तोंडावर बसलेला एक चेंडू मनात फार दिवस राहतो. त्या भीतीनं मिटलेले डोळे परत उघडायला महिने लागतात, म्हणून कडक चेंडू क्लासमध्ये वापरत असतील तर तो आजच बंद करायला सांगा.

डोळ्यांचा विषय निघाला आहे तर एक प्रसंग सांगते, कारण तो मी विसरू शकत नाही. दुसरीतली एक मुलगी होती. पळायला चपळ, लंगडीत पहिली, पण झेल म्हणून जमेना. चेंडू यायच्या आधी तिचे हात मिटायचे, नाहीतर तो गेल्यावर मिटायचे. दोन महिने मी तिला ‘चेंडूकडे बघ, चेंडूकडे बघ’ म्हणत राहिले. एक दिवस ती पाणी ओतताना पेल्याच्या बाहेर ओतते आहे हे दिसलं, तेव्हा मनात चमकलं. आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एका डोळ्याला मोठा नंबर होता आणि मेंदूनं तो डोळा वापरणंच जवळपास सोडून दिलं होतं. आळशी डोळा म्हणतात त्याला. अंतराचा अंदाज दोन्ही डोळ्यांनी मिळून येतो, तोच तिच्याकडे नव्हता. चष्मा लागला, चांगल्या डोळ्यावर रोज ठरलेला वेळ पट्टी लागली आणि सहामाहीनंतर तिचे हात वेळेवर उघडायला लागले. पोर पहिल्यापासून चेंडूकडेच बघत होती. हा उपचार जितका लवकर सुरू होईल तितका चांगला लागू पडतो, आणि मूल स्वतः कधी सांगत नाही, कारण जग असंच दिसतं असं त्याला वाटत असतं.

फेकण्याबद्दल थोडक्यात. त्याला लांब फेकायला सांगा आणि हाताकडे बघू नका, पायांकडे बघा. अगदी लहान मूल पाय न हलवता नुसत्या कोपरातून फेकतं. मग ज्या हातात चेंडू त्याच बाजूचा पाय पुढे टाकतं. पुढे कधीतरी विरुद्ध पाय पुढे येतो, कंबर वळते आणि चेंडू एकदम दुप्पट लांब जातो. हे शब्दांनी शिकवायची गरज फारशी पडत नाही. जोरात आणि लांब फेकायला मिळालं की पाय आपोआप जागा शोधतात. जवळच्या अंतरावर ‘नेम धरून हळू टाक’ असं सारखं सांगितलेली मुलं मात्र कोपरातच अडकून राहतात. मैदानावर न्या, लगोरी मांडा आणि तिच्यापर्यंत पोचेल असं ताकदीनं फेकू द्या.

आता मुळाकडे येते. अंगाचा तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या बातमीवर चालतो: डोळे, कानाच्या आतल्या पोकळीतलं द्रव आणि सांधे-स्नायू. या तिन्हींचा मेळ बसायला मुलाला गिरक्या, झोके, उलटं लटकणं, चढणं, लोळणं हे सगळं भरपूर लागतं. दोन मुलांना फुगडी घालायला लावा आणि थांबल्यावर त्यांचे डोळे बघा. बुबुळं काही क्षण इकडून तिकडे नाचत राहतात, कारण कानातलं द्रव अजून फिरत असतं आणि मेंदूला वाटतं आपणच फिरतोय. ती गोंधळाची बातमी निस्तरण्याचा सराव म्हणजे तोलाचा सराव. मंगळागौरीचे खेळ नीट बघितलेत तर लक्षात येईल, फुगडीत गिरकी आहे, बसफुगडीत मांड्यांची ताकद आहे, झिम्म्यात हात एकमेकांना ओलांडून जातात. हे खेळ फक्त मुलींचे समजून आपण मुलांचं नुकसान केलंय असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या वर्गात मुलगेही फुगडी घालतात आणि त्यांना ती फार आवडते.

पण एकच खेळ निवडायचा झाला तर मी लंगडी निवडेन. साध्या दिसणाऱ्या लंगडीत काय काय होतं ते सांगते. एका पायावर पूर्ण वजन, घोटा सतत बारीक-बारीक हलून तोल सावरतोय, दुसरा पाय मागे दुमडून धरलेला, पोट आवळलेलं, हात मोकळे, आणि त्या अवस्थेत समोरच्याला शिवायचं म्हणजे नजर वर. साधारण ४ वर्षांचं मूल एका पायावर दोन-चार उड्या मारतं, ५-६ च्या दरम्यान आठ-दहा सहज जमायला हव्यात. आमच्याकडे नवीन मुलं आली की मी त्यांना एकेक करून लंगडी घालायला लावते आणि डोळे मिटून ऐकते. ज्याचा पाय ‘धप्प, धप्प’ आपटतो तो टाचेवर किंवा पूर्ण तळव्यावर उतरतोय. त्याचे गुडघे ताठ आहेत, सगळा हिसका पाठीपर्यंत जातोय. ज्याचा पाय हलका वाजतो तो चवड्यावर उतरतोय आणि गुडघ्यात लवतोय. मग मी एवढंच सांगते, ‘मांजरीसारखी उडी मार, मला आवाज येता कामा नये.’ गुडघा, टाच, चवडा यातलं काही समजावून सांगावं लागत नाही, आवाज कमी करायच्या नादात पाय स्वतःच शिकतो. आणि दोन्ही पायांनी! हे पालक नेहमी विसरतात. मूल आवडता पाय धरतं, त्याच पायावर वर्षभर लंगडी घालतं, दुसरा पाय कच्चाच राहतो. पुढे त्याच कच्च्या पायाचा घोटा मुरगळतो. उजव्यावर दहा झाल्या की डाव्यावर दहा, मग डावा दमला तर डाव्यावर आणखी दोन. फरशीवर खडूनं ठिकरीचे चौकोन आखा, तुमच्याकडे टिक्कर म्हणत असाल तर टिक्कर. सातव्या मजल्यावर खालच्यांना त्रास नको म्हणून सतरंजी घाला, शिवाय बिनआवाजाच्या उडीला ते चांगलं निमित्त.

पळताना पडतो म्हणालात. आधी बूट बघा. पुढच्या वर्षीही चालतील म्हणून एक नंबर मोठे घेतलेले बूट हे धडपडण्याचं मी पाहिलेलं सगळ्यांत नेहमीचं कारण आहे. अंगठ्यापुढे एका बोटाच्या रुंदीएवढी जागा पुरे. आणि रोज थोडा वेळ अनवाणी खेळू द्या, काच-खिळे नाहीत एवढं बघून. गवत, माती, वाळू, वाकडी-तिकडी जमीन. पावलाला जमीन कळली की वरचं शरीर निर्धास्त होतं. तळवा सपाट दिसतो म्हणून घाबरू नका, या वयाच्या पुष्कळ मुलांचा तसाच असतो, कमान हळूहळू भरते.

मग तो नेमका कधी पडतो ते बघा. मुलं सरळ पळताना क्वचित पडतात. ती पडतात वळताना, अचानक थांबताना आणि मागे बघत पळताना. खो-खोत आम्ही सगळी मेहनत याच तीन गोष्टींवर घेतो. लहानांसाठी त्याची सोय शिवाशिवीत आणि विष-अमृतात आहेच: पळा, वळा, एकदम पुतळा व्हा. ‘स्टॅच्यू’ म्हटल्यावर तीन आकडे मोजेपर्यंत न हलता उभं राहणं ही मोठी कमाई आहे. थांबता येणाऱ्या मुलाचं पळणं सुधारतं. त्याबरोबर पडायलाही शिकवा. जाड गादीवर, गुडघ्यांवरून, हनुवटी छातीला चिकटवून, गोल होऊन बाजूला लोळायचं. हनुवटी छातीला लावणं पक्कं झाल्याशिवाय कोलांटउडी नाही, आणि पहिल्या कोलांटउड्या तुमचा हात त्याच्या मानेमागे असतानाच. पडायची भीती गेलेलं मूल निम्मं कमी पडतं, हा माझा अनुभव आहे. पाऊस असेल तर घरातल्या घरात अस्वलाची चाल, खेकड्याची चाल, बेडूकउड्या. खेकड्याच्या चालीत पोट वर, हात-पाय खाली, आणि पोटावर एक उशी ठेवायची. ती पडू न देता स्वयंपाकघरापर्यंत जायचं. खांदे, मनगटं, कंबर सगळं त्यात येतं.

घरात आजी आहे असं लिहिलंत, ही मोठी जमेची बाजू. बोटांची कामं तिच्याकडे सोपवा. मटार सोलणं, शेंगा फोडणं, कणकेचा गोळा मळणं, लाटीवर पीठ लावणं, कपड्यांना चिमटे लावणं, रांगोळीचे ठिपके. चिमूट पक्की झाली की पेन्सिलही नीट धरली जाते आणि पुढे चेंडूवर बोटंही. सागरगोटे असतील तर बाहेर काढा. एक वर उडवायचा आणि तो खाली येण्याआधी दुसरा उचलायचा, यात नजर आणि हात यांचा जो हिशोब आहे तो कुठल्याही महागड्या साधनात मिळत नाही. साडेपाच वर्षांच्या मुलाला पूर्ण डाव जमणार नाही. एक उडवून दोन्ही हातांनी झेलला तरी पुष्कळ. पाण्याचा तांब्या न सांडता टेबलापर्यंत नेणं हाही व्यायामच समजा.

तुम्ही ‘बरोबरीच्या मुलांच्या मागे’ असं लिहिलंत, ते वाक्य मला खुपलं. आपल्या लहानपणी गल्लीत डबा ऐसपैस सुरू झाला की कुणाचा तरी धाकटा भाऊ मध्ये घुसायचाच. मोठी मुलं म्हणायची, ‘बरं, हा लिंबूटिंबू.’ म्हणजे हा पळणार, लपणार, ओरडणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. तो आउट झाला तरी डावात राहणार. कुणी त्याला शिकवत नव्हतं. दहा वर्षांची मुलं कशी हुलकावणी देतात, कुठे पाय टाकतात हे तो जवळून बघायचा आणि रोज तास-दीड तास त्यांच्या मागे पळायचा. चुकण्याची किंमत शून्य होती. आणि मग एखाद्या संध्याकाळी तो स्वतःच फुरंगटून म्हणायचा, ‘मी लिंबूटिंबू नाही, मला पण राज्य द्या.’ तयारी झाल्याचा दिवस मूल ठरवायचं. क्लासमध्ये सगळी एका वयाची मुलं असतात, त्यामुळे कुणाचं बघून शिकावं असं कुणी नसतं आणि प्रत्येकाची तुलना मात्र होते. त्या वयात दहा महिन्यांचा फरक म्हणजे केवढा! जानेवारीतला आणि नोव्हेंबरमधला एकाच रांगेत उभे राहतात आणि धाकट्याला ‘कमी’ म्हटलं जातं. शिवाय एक हिशोब करा. रांगेत १५ मुलं, एकेकाला अर्धं मिनिट, म्हणजे साडेसात मिनिटांनी पाळी. तासाभरात तुमच्या मुलाला चेंडू आठ वेळा मिळाला. सोसायटीच्या आवारात लगोरी खेळताना तेवढे फेकणं-धावणं पंधरा मिनिटांत होतं. म्हणून माझं सांगणं, आवारातल्या ८-१० वर्षांच्या दोन-तीन मुलामुलींना गाठा, याला लिंबूटिंबू म्हणून घ्या असं सांगा, आणि तुम्ही बाकावर बसा. मध्ये पडू नका. मोठी मुलं लहानांना फार छान सांभाळून घेतात, त्यांच्यावर भरवसा टाकला तर.

किती वेळ, असं विचाराल. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी. ५ वर्षांपासून पुढे रोज सरासरी ६० मिनिटं तरी दमवणारा खेळ. एका बैठकीत नको. सकाळी दहा मिनिटं, शाळेतून आल्यावर अर्धा तास, जेवणाआधी घरात वीस मिनिटं असं तुकड्यांनी चालतं. त्याला कंटाळा आला की थांबा, ओढूनताणून पाच मिनिटं वाढवून काही मिळत नाही.

बोलण्याबद्दल एक कळकळीची विनंती. ‘कोपर वाकव, गुडघा वर घे, नजर चेंडूवर’ अशा तीन सूचना एकदम दिल्या की मूल स्वतःच्या शरीराकडे बघायला लागतं आणि हालचाल अडखळते. अवयवाचं नाव घेण्याऐवजी बाहेरचं काहीतरी द्या. ‘पाय उचल’च्या जागी ‘या चपलेवरून उडी मार’. ‘हात मागे ने’च्या जागी ‘भिंतीपलीकडे फेक’. ‘हळू पकड’च्या जागी ‘अंडं आहे समज’. आणि सुटलेल्या झेलाचं वाईट त्याच्यासमोर तोंडावर दिसू देऊ नका. मुलं चेंडू सुटला की आधी आई-बाबांकडे बघतात. मैदानाच्या कडेला उभी राहून मी ते हजारदा पाहिलंय.

उशीर होईल का, ही भीती तुमच्या प्रश्नाखाली आहेच. क्रिकेट ८-९ व्या वर्षी सुरू केलं तरी काही बिघडत नाही. जिम्नॅस्टिक्ससारखे मोजके खेळ लवकर सुरू होतात, बाकीच्यांना सवड असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली सांगितलं की एकाच खेळाला वाहून घेणं १५-१६ वर्षांपर्यंत पुढे ढकलावं. नॉर्वेत मूल ११ वर्षांचं होईपर्यंत स्पर्धेचे गुणतक्ते लावत नाहीत. रॉजर फेडरर लहानपणी टेनिसबरोबर फुटबॉल, बॅडमिंटन, बास्केटबॉल असं सगळं खेळत होता. आपल्या साताऱ्याच्या मोही गावची ललिता बाबर आधी खो-खो खेळायची, आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ती ३,००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. उलट बाजूनं, मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो. तीच एक हालचाल रोज शेकडो वेळा केली की ताण तिथेच येतो. अकरा-बारा वर्षांची, खांद्याला नाहीतर टाचेला हात लावून बसलेली मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. वर्षानुवर्षं एकच खेळ, सुट्टी नाही, आणि खेळ मनातून उतरलेला.

तरीही काहीतरी शिस्तीचं लावायचं असेल तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं: क्रिकेटच्या जागी जवळची चांगली व्यायामशाळा शोधा. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून आहे, मुंबईत दादरला समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून. लहान मुलांचा वर्ग असेल, एका शिक्षकामागे दहा-बारापेक्षा जास्त मुलं नसतील आणि खाली गाद्या असतील, तर सहाव्या-सातव्या वर्षी दोरीच्या मल्लखांबासारखी चीज नाही. सुती दोर पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरून वर चढायचं. पावलापासून बोटांपर्यंत पकड, पोट, खांदे, उलटं लटकणं, सगळं एका दोरीवर. पहिल्या दिवशी मूल जमिनीपासून हातभर वर जातं आणि खाली बघून हसतं. पोहणंही चांगलं, आणि ते तर जीव वाचवणारं आहे. सांगलीत कृष्णेकाठी आमच्या आधीच्या पिढ्या पाठीला डबा बांधून पोहायला शिकल्या, तुम्ही तलावावर प्रशिक्षकाबरोबर शिकवा.

काही खुणा मात्र अशा आहेत की तिथे खेळ, वाट बघणं, काही उपयोगाचं नाही, सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जायचं. जमिनीवरून उठताना मूल हात स्वतःच्या गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकत टेकत, अंगावर चढल्यासारखं उठत असेल. पोटऱ्या जास्तच भरलेल्या दिसत असतील. जिने चढताना कठड्याला ओढत वर जात असेल. विशेषतः मुलग्यांमध्ये ही स्नायूंच्या आजाराची खूण असू शकते. एकच बाजू कमी चालत असेल, सतत चवड्यांवर चालत असेल, आधी येणारी गोष्ट आता येईनाशी झाली असेल, तरीही थांबू नका. याखेरीज काही मुलं बुद्धीनं उत्तम असतात, आजार काही नसतो, पण बटणं लावणं, घास नीट तोंडात जाणं, चित्र रंगवणं, उडी मारणं या सगळ्यातच एकदम अडतात. शंभरात पाच-सहा मुलांना असा समन्वयाचा विकार असतो. ती आळशी नसतात आणि वेंधळी तर अजिबात नसतात, त्यांना ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे रोजची कामं आणि हालचाली सरावातून जमवून देणाऱ्या तज्ज्ञांची, मदत लागते आणि ती मिळाल्यावर चांगला फरक पडतो. खासगी खर्च झेपत नसेल त्यांच्यासाठी सांगते: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली, जो २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, अंगणवाडी आणि सरकारी शाळांत तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या मुलात यातलं काही मला दिसत नाही. तो जेवतो, सायकल चालवतो, जिने पटपट चढतो असं तुम्हीच सांगितलंय. पण उठताना कसा उठतो ते एकदा बघाच.

तर या आठवड्यात तीन कामं करा. डोळे तपासून घ्या, बूट बदला, आणि त्याला लंगडी घालायला लावून दोन्ही पायांच्या उड्या मोजा. आकडे कालनिर्णयच्या पानावर तारखेच्या चौकोनात लिहा. मग दोन महिने त्याला मोजू नका, नुसतं खेळू द्या. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा मोजा आणि मला कळवा. डाव्या पायाचा आकडा आधी लिहा.